एकशे आठची गाडी थांबली तर: वर्ध्याचे एक गणित

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,००,७७४. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ८ लाख ७७ हजार लोक खेड्यांत राहतात. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे ९३७ गाड्या होत्या. २३३ गाड्यांत अतिदक्षतेची सोय होती, उरलेल्या ७०४ प्राथमिक उपचारांपुरत्या. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख धरली, तर सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी पडते. त्या हिशेबाने वर्ध्याच्या वाट्याला ११ गाड्या येतात. पुढचे गणित या ११ वर मांडले आहे. प्रत्यक्षात एखादी गाडी कमी-जास्त असली, तरी त्यातून निघणारा अर्थ फारसा बदलत नाही.

११ गाड्या जिल्हाभर सारख्या अंतराने उभ्या केल्या, असे समजू. प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ५७४ चौरस किलोमीटर येतात. हे क्षेत्र वर्तुळाकार मानले तर त्याची त्रिज्या साडेतेरा किलोमीटर भरते. रस्ता सरळ रेषेत जात नाही, म्हणून अंतर तीस टक्क्यांनी वाढवू. गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर ठेवू. पावसाळ्यात आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या आडरस्त्यावर तोही जास्तच आहे. या हिशेबाने वर्तुळाच्या कडेच्या गावी पोहोचायला गाडीला २६ मिनिटे लागतात. ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोहोचावी, असे या सेवेचे उद्दिष्ट आहे. म्हणजे सगळ्या गाड्या चालू असताना हाताशी चारच मिनिटे उरतात.

आता संप झाला आणि संघटनेने जबाबदारीने निम्मी सेवा चालू ठेवली, असे धरू. सहा गाड्या रस्त्यावर राहिल्या, तर कडेच्या गावासाठी वेळ ३६ मिनिटांवर जातो. चारच राहिल्या, तर ४४ मिनिटांवर. शिवाय गाडी एखाद्या रुग्णाला घेऊन सेवाग्रामकडे निघाली, की ती परत येईपर्यंत तिचे सगळे वर्तुळ मोकळे पडते. मुंबईत निम्म्या गाड्या म्हणजे गैरसोय. वर्ध्यात निम्म्या गाड्या म्हणजे काही गावांसाठी सेवाच नाही.

एवढ्यावर थांबले, तर तातडीच्या सेवेतल्या माणसाने पगारासाठी संप करू नये, हे उत्तर पाटीवर लिहून टाकता येईल. पण हे फक्त संपाच्या दिवसांचे गणित झाले. संपाआधीच्या महिन्यांचे गणित वेगळे मांडावे लागते आणि ते क्वचितच कोणी मांडते.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘डॉक्टरांच्या संपात माणसे मरतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की त्याची शहानिशा करावीशीच वाटत नाही. १९७६ ते २००३ या काळातल्या, वेगवेगळ्या देशांमधल्या डॉक्टरांच्या संपांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे संप काही दिवसांपासून ते सतरा आठवड्यांपर्यंत चालले होते. त्या काळात मृत्यूंचे प्रमाण एक तर तेवढेच राहिले किंवा घटले, असे आढळले. यात चमत्कार काही नाही. संपात नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, त्यामुळे त्यांच्यातली जोखीमही पुढे जाते. तातडीच्या विभागात मात्र ज्येष्ठ डॉक्टर स्वतः उभे राहतात. परिचारिकांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ ते २००४ या काळातल्या परिचारिकांच्या संपांचा अर्थशास्त्रज्ञ ग्रुबर आणि क्लाइनर यांनी अभ्यास केला. संपकाळात दाखल झालेल्या रुग्णांचे रुग्णालयातले मृत्यू १८.३ टक्क्यांनी वाढले होते, महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण ५.७ टक्क्यांनी. रुग्णालयाने बाहेरून बदली माणसे आणली, तरी त्यात फरक पडला नाही.

म्हणजे ज्याची जागा वरचा माणूस घेऊ शकतो, त्याच्या संपाने जीव जात नाहीत. ज्याची जागा कोणीच घेऊ शकत नाही, त्याच्या संपाने जातात. पगाराची उतरंड मात्र नेमकी याच्या उलट लावलेली आहे.

वर्ध्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. शहरात सिव्हिल. आठ किलोमीटरवर सेवाग्राम, म्हणजे १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय. दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचे रुग्णालय. तेरा लाखांच्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये, आणि दोन्ही थेट सरकारी नाहीत. सेवाग्रामचा खर्च केंद्र ५० टक्के, राज्य २५ टक्के आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी २५ टक्के असा वाटून उचलला जातो, पण तिथले कर्मचारी राज्य सरकारच्या आस्थापनेवर नाहीत. त्यामुळे १४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा जसा आठवडाभर संप झाला, तसा पुन्हा झाला तरी वर्धा शहराभोवतालच्या रुग्णाला पर्याय उरतो. हे भाग्य गडचिरोलीला नाही. पण दोन्ही रुग्णालये जिल्ह्याच्या मध्यावर, एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत. आष्टीच्या रुग्णाला त्यांचा उपयोग व्हायचा, तर आधी गाडी आली पाहिजे. आणि गाडीही आधी कोणी तरी बोलवावी लागते. गावात ते काम बहुधा आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, करते.

आशाताईला तातडीच्या सेवेत धरावे का, यावर कोणी वाद घालू शकेल. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईच्या घरच्यांना तो वाद पडत नाही. गावात हजार लोकसंख्येमागे एक आशा, हा निकष आहे. त्यानुसार ग्रामीण वर्ध्यात पावणेनऊशेच्या आसपास आशा लागतात, राज्यात सुमारे ७० हजार आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या बाईला गरोदरपणभर तपासणीला नेणे आणि बाळंतपणासाठी दवाखान्यात पोहोचवणे, या दोन्ही कामांसाठी जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या आशेला प्रत्येकी ३०० असे मिळून ६०० रुपये मिळतात. तिच्या मोबदल्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कायद्याच्या लेखी ती स्वयंसेविका आहे.

आता तारखा पाहू. जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या शेपटाला, राज्यातल्या आशा आठवडाभर संपावर गेल्या. त्यातून १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. नोव्हेंबरमध्ये सरकारने आशांना दरमहा ७,००० आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना ६,२०० रुपये वाढ देऊ, शिवाय २,००० रुपये दिवाळी भेट देऊ, असे सांगितले. संप मिटला. जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला नाही. त्या एका जीआरसाठी १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप सुरू झाला. फेब्रुवारीत आशाताई आझाद मैदानावर जाऊन बसल्या आणि तो संप मार्चच्या तोंडापर्यंत लांबला. १४ मार्च २०२४ रोजी जीआर निघाला, तो ५,००० रुपयांचा. सात हजारांचे आश्वासन पाच हजारांवर उतरले आणि तेवढे मिळवायला दीड महिना दुसरा संप करावा लागला.

५,००० रुपये गुणिले ७० हजार गुणिले १२ म्हणजे वर्षाला ४२० कोटी. हा आकडा मोठा वाटतो. त्या वर्षीचा राज्याचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या पुढचा होता, म्हणजे ही रक्कम त्याच्या ०.०७ टक्के भरते. वर्ध्यापुरता हिशेब केला, तर पावणेनऊशे आशांसाठी वर्षाला सव्वापाच कोटी. जिल्ह्यातल्या दर माणसामागे महिन्याला सव्वातीन-साडेतीन रुपये. एवढी रक्कम द्यायला उशीर झाला म्हणून लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायांच्या भेटी, क्षयरुग्णांच्या गोळ्या हे सगळे आठवडेच्या आठवडे अडले.

हाच नमुना इतरत्रही सापडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायम करण्यासाठी संप केला. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात दहा वर्षे सेवा झालेल्यांसाठी ३० टक्के जागांची वाट उघडली. त्याची अंमलबजावणी होईना, म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून सुमारे ३४ हजार कर्मचारी पुन्हा संपावर गेले आणि हा संप महिनाभर चालला. निवासी डॉक्टर २ जानेवारी २०२३ रोजी संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे भरणे आणि थकलेले पैसे मिळणे हेही होते. त्यांचा संप दुसऱ्या दिवशीच मिटला. याचे कारण उघड आहे: डॉक्टरांचा संप दूरदर्शनवर दिसतो, आशाताईचा संप गावात मुरतो.

या तारखा ओळीने लावल्या की दिसते, की यांतल्या कितीतरी संपांत नवी मागणी थोडी असते. आधीच्या संपात मिळालेल्या शब्दाची ती वसुली असते. संप करावा की करू नये, हा प्रश्न आपण नेहमी कर्मचाऱ्याला विचारतो. दिलेला शब्द किती दिवसांत पाळायचा, हे मात्र सरकारला कोणत्याच कायद्याने विचारलेले नाही.

कायद्यांचीही मोजदाद करू. १४ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जुन्या पेन्शनच्या संपाच्या पहिल्याच दिवशी, विधिमंडळात महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक मंजूर झाले. आपला ‘मेस्मा’ तो हाच. यात बेकायदा संपासाठी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कोणत्याही संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. ६ ऑगस्ट २००३ च्या टी. के. रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असे म्हटले. तामिळनाडू सरकारने त्याआधी सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवले होते. दुसऱ्या बाजूला १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालाने तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. सरकारला पैशांची सबब सांगून तो टाळता येणार नाही, असेही स्पष्ट केले. हे दोन निकाल एकत्र वाचले, तर रुग्णाचा हक्क आणि कर्मचाऱ्याचे कर्तव्य पक्के झालेले दिसतात. त्या कर्तव्याची किंमत कधी आणि कोण ठरवणार, ते दोन्हींत नाही.

पोलिसांचे उदाहरण इथे कामाचे आहे. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने आणि १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातल्या आहेत. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांचा उठाव झाला, लष्कर बोलवावे लागले, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली आणि तो अध्याय संपला. पण त्या बंदीच्या बदल्यात पोलीस शिपायाला काहीतरी मिळते. त्याला वेतनश्रेणी आहे, सातव्या वेतन आयोगात ती २१,७०० रुपयांपासून सुरू होते. दरवर्षी वेतनवाढ, महागाई भत्ता, आणि साधारण दहा वर्षांनी नवा आयोग. त्याने रस्त्यावर न येता त्याचा पगार आपोआप पुन्हा तपासला जातो. कंत्राटी रुग्णवाहिका चालकाला यातले काही नाही. मेस्माची टांगती तलवार त्याच्यावरही आहे, पण त्याच्यासाठी आयोग नाही, श्रेणी नाही, आणि मालक कोण, सरकार की ठेकेदार, याचे उत्तर विचाराल त्या दाराशी वेगळे मिळते. आशाताईचे तर त्याहून विचित्र: पगाराच्या वेळी ती स्वयंसेविका असते, संपाच्या वेळी मात्र अत्यावश्यक ठरते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा याबाबतचा दंडक जुना आहे. रुग्णालये, अग्निशमन, पोलीस अशा सेवांत संपावर बंदी घालता येते, पण मग निःपक्ष आणि वेगवान लवादाची भरपाई द्यावी लागते. भारताने संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अजून मान्य केलेले नाहीत. बंदी आपण घेतली, भरपाई मात्र बाजूला ठेवली.

हे कर्मचारी पत्करतात त्या जोखमीचा हिशेब तर आपण करतच नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे याच जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. सुरुवातीच्या अधिकृत आकड्यानुसार १६ जण गेले, त्यांतले १३ आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी होते.

वर्ध्यात संपाचा विषय निघाला, की गांधीजींचे नाव निघणारच, आणि बहुधा संपाविरुद्धच वापरले जाईल. त्याला आधार आहे. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी सफाई कामगारांचा संप चुकीचा ठरवला होता, काही कामे एक दिवसही थांबवता येत नाहीत आणि न्याय मिळवायला दुसरे मार्ग आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपाचे आकडेही पाहा. मालक २० टक्के द्यायला तयार होते, कामगार ५० मागत होते. गांधीजींनी हिशेब करून ३५ ठरवले आणि त्या आकड्यासाठी उपोषण केले. १८ मार्चला तडजोड झाली: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. लवादाने काही महिन्यांत ३५ टक्केच दिले. संपाला विरोध करणारे गांधी आणि लवाद मागणारे गांधी एकच होते. आपण त्यातले अर्धे सोयीने उचलतो.

डॉ. आंबेडकरांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध केला, तो मुळावर बोट ठेवून. मनाविरुद्ध काम करायला लावणे ही गुलामी आहे, संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. सफाई कामगारांनी संप करू नये, या उपदेशातली जातीची गोम तर उघड आहे: ज्याच्यावाचून एक दिवस चालत नाही, त्यालाच सर्वांत कमी देऊन वर त्यागाचे शिक्षण द्यायचे. आज आशाताईला ‘सेवाभावा’ची आठवण करून देणाऱ्या भाषणांना हे जसेच्या तसे लागू पडते.

ब्रिटनमध्ये २१ डिसेंबर २०२२ रोजी रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी संप केला, त्याच महिन्यात परिचारिकांच्या रॉयल कॉलेजने आपल्या १०६ वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला. जिवाला थेट धोका असलेल्या हाकांना रुग्णवाहिका जातील, असे संघटनांनी आधीच ठरवले होते. सरकारने पुढच्या वर्षी किमान सेवेची सक्ती करणारा कायदा आणला. तो एकाही संपात वापरला गेला नाही आणि पुढे रद्दच झाला. संघटनांनी स्वतः ठरवलेली यादी चालली, वरून लादलेली चालली नाही.

माझे मत सांगतो. १०८ च्या गाडीवरच्या माणसाला सरसकट संपाची मुभा असू नये. वरचे २६, ३६ आणि ४४ मिनिटांचे आकडे त्यासाठी पुरेसे आहेत. पण ती मुभा काढून घ्यायची, तर दिलेल्या आश्वासनाचा जीआर ३० दिवसांत निघालाच पाहिजे आणि नवी मागणी ९० दिवसांत लवादाने निकालात काढली पाहिजे. ही मुदत चुकली, तर संप बेकायदा म्हणू नये. आणि हे सगळे रुग्णवाहिकांच्या ठेक्यातच लिहावे. सुमीत-एसएसजी-बीव्हीजी या कंपन्यांना मिळालेल्या नव्या कंत्राटात राज्यभर १,७५६ रुग्णवाहिका ठरल्या आहेत. त्यांत २५५ अतिदक्षतेच्या, १,२७४ प्राथमिक सोयीच्या, ३६ नवजात बाळांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ बोटी. गाड्यांची मोजणी इतकी बारीक होऊ शकते, तर माणसांची का नाही?

ती मोजणी अवघड नाही. एक गाडी चोवीस तास चालवायची, तर बारा तासांच्या पाळीने आठवड्याला १४ पाळ्या होतात. प्रत्येकाला एक सुट्टी धरून २.३३ चालक लागतात. आठ तासांच्या पाळीने २१ पाळ्या, म्हणजे साडेतीन चालक. वर्ध्याच्या ११ गाड्यांसाठी फरक २६ आणि ३९ चा, म्हणजे १३ माणसांचा. दरमहा २० हजार धरले, तर वर्षाला ३१ लाख २० हजार रुपये. जिल्ह्यातल्या दर माणसामागे वर्षाला दोन रुपये चाळीस पैसे.

संप अटळ झालाच, तर टक्केवारी सोडून नकाशावर यादी करावी. आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर या टोकाच्या तालुक्यांतली गाडी कोणत्याही संपात थांबणार नाही. आर्वी आणि हिंगणघाटला निदान एक तरी चालू राहील. वर्धा शहराभोवतीच्या गाड्या थांबल्या, तर तो भार काही दिवस सिव्हिल, सेवाग्राम आणि सावंगी मिळून ओढू शकतात. संपाचा दाबही तिथेच जास्त जाणवेल, कारण कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद तिथेच आहेत. ही यादी १४ दिवसांच्या नोटिशीसोबतच तयार व्हावी, तिच्यावर संघटनेची आणि प्रशासनाची सही असावी, आणि प्रशासनाच्या सहीखाली थकलेल्या मागणीच्या निकालाची तारीख लिहिलेली असावी.